बसले की हात माझा, उठले की त्याचा: पक्षाघातानंतरच्या एका हाताचं मोजमाप

काकूंनी पहिल्याच भेटीत सगळं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. "डॉक्टर, बसले की हात माझा असतो, उठले की तो त्याचा स्वतःचा होतो." मी ते वाक्य तक्रारीच्या रकान्यात जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि त्यांना तपासायच्या टेबलावर झोपवलं. उभं राहिल्यावर जे होतं असं त्या सांगत होत्या, ते मी त्यांना आडवं करून शोधत होते. हे माझ्या लक्षात यायला अर्धा तास गेला. हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या अर्ध्या तासामुळेच.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि अशीच तक्रार असलेल्या आणखी दोघांच्या नोंदींतल्या काही गोष्टी यात मिसळल्या आहेत. त्यामुळे आकडे एकाच माणसाचे आहेत असं समजू नये. मोजत मोजत ज्या वाटेने गेलो, ती वाट मात्र तीच आहे.

काकू ५७ वर्षांच्या, उजवखुऱ्या. सात महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूच्या मिडल सेरेब्रल आर्टरीत, म्हणजे मेंदूला रक्त पुरवणाऱ्या एका मोठ्या रोहिणीत, गुठळी अडकली आणि डावं अंग गेलं. वाचा शाबूत होती. डाव्या बाजूकडे लक्षच न जाण्याचा प्रकार सुरुवातीला होता, तो ओसरला होता. हाताचा स्पर्श थोडा बोथट. घोट्याला आधारपट्टा लावून त्या काठीशिवाय चालत होत्या. पहिले तीन आठवडे हात पूर्ण लुळा होता. मग खांदा हलला, कोपर वाकायला लागलं, मूठ मिटायला लागली. उघडायचं काम मात्र मागे राहिलं. आधी लुळेपणा, मग ताठरपणा, मग सगळे सांधे एकदम मुडपणारी ठोकळेबाज हालचाल आणि सर्वांत शेवटी एकेका सांध्याची सुटी हालचाल, हा क्रम ट्विचेल यांनी १९५१ साली नोंदवला होता. काकू त्या वाटेवर मध्येच कुठेतरी थांबल्या होत्या.

त्यांच्या मागण्या दोनच होत्या. चालताना हात मुडपून छातीशी येतो, चौकटीला आपटतो, समोरून येणाऱ्या माणसाला लागतो, ते थांबावं. आणि डाव्या हातात धरलेली वस्तू हवी तेव्हा सोडता यावी.

टेबलावरचा हात

झोपवून, कोपर मिटलेल्या स्थितीतून झटकन सरळ केलं. मध्येच एक अडकल्यासारखा झटका लागला, त्यापुढे किंचित विरोध आणि मग हात सुटला. सुधारित ॲशवर्थ मापनात याला १+ म्हणतात. बोटं आणि मनगट मिटणाऱ्या स्नायूंना २ दिले. कागदावर हे सौम्य ते मध्यम दिसतं. "ताण फार नाही तुमच्या हातात," असं मी त्यांना म्हणालेसुद्धा. त्यांचा चेहरा पडला. आपली तक्रार खोटी ठरली की काय, अशा नजरेने त्या स्वतःच्याच हाताकडे पाहत होत्या.

या मापनाची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. ॲशवर्थ यांनी १९६४ साली मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांवर एका औषधाचा परिणाम पाहताना पाच पायऱ्यांची एक साधी श्रेणी वापरली. बोहॅनन आणि स्मिथ यांनी १९८७ मध्ये तिच्यात १+ ही पायरी घातली. दोन तपासनिसांचं एकमत होतं का, हे त्यांनी ३० रुग्णांच्या कोपरावर पाहिलं आणि ते ८६.७ टक्के वेळा झालं. तिथून हे मापन जगभर पसरलं. वाईट नाही ते. दोन मिनिटांत होतं आणि काही उपकरण लागत नाही. पण ते मोजतं एवढंच, की रुग्ण काही करत नसताना दुसऱ्या कुणी सांधा हलवला तर किती विरोध होतो. तो विरोध मज्जातंतूंच्या उत्तेजनेतून आला की स्नायूच आखूड आणि चिवट झाल्यामुळे आला, हे ते सांगू शकत नाही. रुग्ण स्वतः काही करायला गेला की काय होतं, याच्याशी तर त्याचा संबंधच नाही.

पहिल्या प्रश्नासाठी टार्ड्यू पद्धत बरी. सांधा एकदा अगदी हळू ताणायचा आणि एकदा शक्य तितक्या वेगात, आणि दोन्ही वेळचे कोन लिहायचे. हळू ताणल्यावर प्रतिक्षिप्त क्रिया जागी होत नाही, म्हणून तो कोन स्नायूची खरी लांबी सांगतो. वेगात ताणल्यावर झटका जिथे लागतो तो कोन मज्जातंतूंचा वाटा दाखवतो. पूर्ण सरळ म्हणजे ० धरलं, तर काकूंचं कोपर हळू ताणल्यावर ५ अंशांपर्यंत सरळ होत होतं आणि वेगात ६० अंशांवरच अडकत होतं. फरक ५५ अंशांचा. म्हणजे कोपराचा स्नायू जवळजवळ पुरत्या लांबीचा आहे, खोड आहे ती उत्तेजनेत. बोटांचं उलट होतं. बोटं सरळ धरून मनगट मागे नेलं, तर कितीही हळू नेलं तरी ते ४० अंशांपलीकडे जाईना. तिथे थोडी लांबीच कमी झाली होती. अशा आखडण्यावर तंतू शांत करणारं कुठलंही औषध चालत नाही, कारण शांत करायला तिथे काही नसतंच. दोन सांध्यांवरचे २ आणि १+ हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की एकाच गोष्टीच्या कमी-जास्त मात्रा वाटतात. इथे त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

हाताने ताणण्यात एक अडचण असते: माझा 'वेगात' आणि माझ्या सहकाऱ्याचा 'वेगात' सारखा नसतो. नंतर आम्ही मनगटावर वेग मोजणारा छोटा सेन्सर बांधून ताणलं. माझ्याच लागोपाठच्या पाच ताणांचे वेग एकमेकांपासून इतके लांब निघाले, की त्या दिवसापासून मी एकट्या ताणाचा कोन लिहिणं बंद केलं.

दारापर्यंतची बारा पावलं

तपासणी संपली. काकू उठल्या, पिशवी उजव्या खांद्याला लावली आणि दाराकडे निघाल्या. मी मागून पाहत होते. दोन पावलांत डावं कोपर वाकलं, मनगट आत वळलं, मूठ आवळली. सहाव्या पावलाला हात छातीशी होता. दाराशी पोचल्यावर हँडल धरायला त्या थांबल्या आणि हात हळूहळू, स्वतःच्या मर्जीने, खाली आला.

१+ लिहिलेला हात तो हाच.

त्यांना परत बोलावलं. या वेळी झोपवलं नाही. दहा मीटर चालायला लावलं आणि बाजूने चित्रण केलं. नेहमीच्या चालीत, म्हणजे सेकंदाला ०.६२ मीटर वेगाने, कोपर सरासरी ८८ अंशांत वाकलेलं होतं. "जरा घाई करा" म्हटल्यावर १०४. मग भिंतीच्या कठड्याला उजव्या हाताची फक्त बोटं टेकवून चालायला सांगितलं. भार टाकायचा नाही, नुसता स्पर्श. कोपर ६५ अंशांवर आलं. हा तिसरा आकडा मला सगळ्यांत मोलाचा वाटला. हाताला कुणी हात लावला नव्हता. बदलली होती फक्त तोल सावरण्याची धडपड, आणि तेवढ्याने हाताचं वागणं बदललं.

मुलाने मोबाइलवर काढलेलं चित्रण पुढच्या भेटीत पाहिलं. रस्ता ओलांडताना काकूंचा हात जवळजवळ हनुवटीपर्यंत गेलेला. आमच्या शांत, सपाट, मोकळ्या खोलीतले ८८ अंश म्हणजे त्यांचा चांगला दिवस होता.

याला 'सोबतच्या प्रतिक्रिया' म्हणता येईल: शरीरात दुसरीकडे कुठे जोर लागला की अधू अंगात आपोआप उमटणारी हालचाल. वॉल्श यांनी १९२३ मध्ये अर्धांगवायूच्या रुग्णांत यावर सविस्तर लिहिलं आहे, म्हणजे गोष्ट शंभर वर्षं माहीत आहे. तरीही आपल्या तपासणीच्या तक्त्यांत तिला रकाना नसतो. दोष थोडा व्याख्येचाही आहे. लान्स यांनी १९८० मध्ये स्पॅस्टिसिटीची, म्हणजे या ताठरपणाची, जी व्याख्या केली, तिच्यात ताणण्याच्या वेगासोबत वाढणारी प्रतिक्षिप्त क्रिया हा गाभा आहे. ती नेमकी आहे, पण अरुंद आहे. काकूंचा हात चालताना कुणीही ताणत नव्हतं. २००५ मध्ये पांड्यन आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी व्याख्या रुंद केली: मेंदूकडून मज्जारज्जूकडे हुकूम नेणाऱ्या वरच्या चेतापेशींना इजा झाल्यामुळे बिघडलेलं नियंत्रण, जे स्नायूंच्या अधूनमधून किंवा सतत होणाऱ्या अनैच्छिक उत्तेजनेच्या रूपात दिसतं. या दुसऱ्या व्याख्येत काकूंचा हात बसतो. काहींना ती फारच ऐसपैस वाटते आणि त्यांचं म्हणणं मला पटतं, कारण तिच्यात सगळंच मावतं. पण अनैच्छिक उत्तेजना मोजायची, तर ती जिथे होते तिथे जाऊन मोजा, एवढं तरी ती सुचवते.

तारा लावून

मोजायचं म्हणजे स्नायूची विद्युत हालचाल पाहायची. सरफेस ईएमजी. त्वचा घासून, पुसून, इलेक्ट्रोडच्या जोड्या लावल्या: कोपर वाकवणारे बायसेप्स आणि ब्रेकिओरेडिॲलिस, कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स, बोटं मिटणारे स्नायू आणि बोटं उघडणारे स्नायू. 'सेनियम' या युरोपीय प्रकल्पाच्या शिफारशीप्रमाणे जोडीतल्या दोन इलेक्ट्रोडमध्ये २० मिलिमीटर अंतर ठेवलं. २० ते ४५० हर्ट्‌झच्या बाहेरचं सगळं गाळलं. त्वचेवर पेनाने खुणा केल्या, पारदर्शक कागदावर तीळ आणि व्रणांसकट नकाशा उतरवला, म्हणजे पुढच्या वेळी इलेक्ट्रोड तिथेच बसतील. हा नकाशा काढायला दहा मिनिटं जातात आणि तो नसेल तर पुढच्या सगळ्या तुलना फुकट जातात.

पहिल्याच नोंदीत एक गंमत झाली. काकू निवांत पडल्या होत्या आणि बायसेप्सच्या रेषेवर दर पाऊण सेकंदाला एक टोकदार उसळी. मी उत्साहात म्हणाले, हे बघा, विश्रांतीतही स्नायू ठोके देतोय. सहकाऱ्याने न बोलता काकूंच्या मनगटावर नाडी धरली आणि उसळीबरोबर मान डोलवायला सुरुवात केली. ते हृदय होतं. डाव्या दंडावरच्या इलेक्ट्रोडमध्ये ते डोकावतं, आणि स्नायू जितका शांत तितकं जास्त ठळक दिसतं. ते ठोके वगळल्यावर पडलेल्या स्थितीत बायसेप्समध्ये ४ मायक्रोव्होल्ट उरले, म्हणजे यंत्राचा स्वतःचा गोंगाट आणि फारसं काही नाही. टेबलावरचा माझा १+ खोटा नव्हता. हात खरोखरच शांत होता.

मग त्यांना बसवलं, उठवलं, चालवलं. पार्श्वभाग खुर्चीवरून उचलण्याआधीच बायसेप्स आणि ब्रेकिओरेडिॲलिस जागे झाले होते. निरोगी माणसाच्या चालण्यात हे स्नायू हात झुलण्याच्या लयीत किंचित चमकतात आणि विझतात. काकूंचा उजवा हात तेच करत होता. डावीकडे विझणं नव्हतं. बायसेप्स त्यांच्या स्वतःच्या कमाल जोराच्या २१ टक्क्यांवर, ब्रेकिओरेडिॲलिस ३८ टक्क्यांवर, सलग. पुन्हा खुर्चीत बसल्यावर रेषा सपाट व्हायला ४० सेकंद लागले.

टक्क्यांबद्दल एक इशारा. हे टक्के रुग्णाने मुद्दाम लावलेल्या कमाल जोराशी तुलना करून काढतात. पक्षाघातानंतर तो कमाल जोरच घटलेला असतो. भाजक लहान झाला की टक्का फुगतो. म्हणून ३८ हा आकडा दुसऱ्या रुग्णाच्या ३८ शी ताडून पाहू नये. काकूंच्याच दोन स्नायूंत कोण जास्त दंगेखोर, हे ठरवायला तो पुरतो, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. शेजारच्या स्नायूंचा आवाज ब्रेकिओरेडिॲलिसच्या वाहिनीत मिसळत नाही ना, हे पाहायला नुसतं मनगट उचलायला लावलं. ब्रेकिओरेडिॲलिसची रेषा थोडी हलली, पण चालतानाच्या मानाने फारच कमी.

असं का होतं? मेंदूच्या पृष्ठभागाकडून मज्जारज्जूकडे येणारे, एकेक बोट सुटं हलवू देणारे मार्ग तुटले की खोडमेंदूतून उतरणाऱ्या रेटिक्युलोस्पायनल मार्गांचं वजन वाढतं. हे मार्ग ढोबळ असतात. तोल, पवित्रा, चालण्याची तयारी ही त्यांची नेहमीची कामं, आणि ते एकेक स्नायूशी न बोलता अख्ख्या अंगाला हाक मारतात. उभं राहण्यासाठी दिलेली हाक हातालाही ऐकू जाते. कठड्याच्या स्पर्शाने कोपर २३ अंशांनी का सुटलं, हे या चित्रात नीट बसतं. बसल्यावरही रेंगाळणाऱ्या ४० सेकंदांच्या शेपटीचं कारण बहुधा आणखी खाली आहे: मज्जारज्जूतली चेतापेशी एकदा पेटली की मूळ संदेश थांबल्यावरही काही काळ पेटलेली राहू शकते.

मध्येच काकूंना जांभई आली आणि खांद्यापासून सगळा हात उचलला गेला. त्यांना ते नवीन नव्हतं, मुलाला होतं. तो आनंदाने उठून उभाच राहिला. या प्रकाराला पॅराकिनेसिया ब्रेकिॲलिस ऑसिटन्स असं भारदस्त नाव आहे. बरं होत असल्याचं ते लक्षण नव्हे, हे त्याला समजावताना मला वाईट वाटलं.

सुटत नाही ते का

दुसरी तक्रार वस्तू सोडण्याची. जोर नोंदवणारी एक दांडी काकूंच्या हातात दिली. घट्ट धरा, आणि आवाज झाला की सोडा. आवाजापासून जोर एक दशांशावर येईपर्यंतचा वेळ मोजला. उजवा हात ०.४ सेकंद. डावा, दहा प्रयत्नांच्या सरासरीने, २.८ सेकंद. सरासरीत एक गोष्ट मात्र लपली: पहिला प्रयत्न २.१ होता आणि दहावा ३.५. दमेल तसा हात जास्त वेळ धरून बसत होता.

रेषांवर दोन दोष एकाच वेळी दिसले. आवाज झाल्यावरही बोटं मिटणारे स्नायू चालूच राहत होते. आणि बोटं उघडणारे स्नायू वेळेवर जागे होत होते, पण त्यांचा आवाज क्षीण: उजवीकडे १९० मायक्रोव्होल्ट, डावीकडे २८. आता खरा अडथळा कोणता? मिटणारे अडवतात म्हणून उघडत नाही, की उघडणाऱ्यांत जीवच नाही? हा प्रश्न जुना आहे. सारमन आणि नॉर्टन यांनी १९७७ मध्ये ईएमजी लावूनच दाखवलं होतं, की अशा रुग्णांत हालचाल अडते ती मुख्यतः विरुद्ध स्नायूच्या ताण-प्रतिक्षिप्त क्रियेमुळे नव्हे. काम करणाऱ्या स्नायूंना मिळणारी चालना अपुरी असते, लांबते आणि वेळेवर थांबत नाही, तिथे ती अडते. तरीही ताठरपणा काढला की हालचाल आपोआप फुलेल, ही समजूत आजही मोठी आहे. ताठरपणा डोळ्यांना दिसतो, दुर्बळता त्याच्यामागे दडते.

स्नायू सैल करणारं इंजेक्शन कुठे द्यायचं ते ठरवण्यासाठी पुनर्वसनतज्ज्ञ डॉक्टरांनी सुचवलं, आधी तात्पुरतं करून पाहू. लिग्नोकेनने एकेक नस काही तासांपुरती बधिर करायची आणि पुन्हा मोजायचं. उपचाराआधी उपचाराची तालीम.

पहिल्या दिवशी मस्क्युलोक्युटेनियस नस, म्हणजे बायसेप्स आणि त्याच्याखालचा ब्रेकिॲलिस बंद. चालताना कोपर ८८ वरून ६१ वर आलं. शून्यावर नाही. उरलेलं वाकणं ब्रेकिओरेडिॲलिसचं, कारण कोपर वाकवणारा असूनही तो रेडिअल नसेवर चालतो. पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली ही गोष्ट टेबलाशी विसरली जाते. बायसेप्स दिसतो, फुगतो, म्हणून सुई तिथेच जाते. रेडिअल नस आम्ही बधिर केली नाही, कारण बोटं उघडणारे स्नायूही तिच्यावरच आहेत.

दुसऱ्या दिवशी मीडियन नस, बोटं मिटणाऱ्या बहुतेक स्नायूंची. बोटांचा ताण हाताला लगेच सैल लागला. ॲशवर्थ २ वरून १. पण "उघडा" म्हटल्यावर बोटांची टोकं तळव्यापासून ३.५ सेंटिमीटरऐवजी ४.२ सेंटिमीटर लांब गेली, एवढंच. आणि रिकामा ग्लास धरायला दिला तर तो निसटला. या नसेने बोटं मिटणारे सगळे स्नायू बंद होत नाहीत, काही अल्नर नसेवर असतात, म्हणून हा पुरावा पूर्ण नव्हता. काकूंना मात्र तो पुरेसा होता. "सोडता येत नाही ते चालेल, पण धरता आलंच पाहिजे," त्या म्हणाल्या, आणि बोटांच्या इंजेक्शनचा विषय तिथे संपला.

इंजेक्शन आणि सहा आठवडे

बोट्युलिनम टॉक्सिन ब्रेकिओरेडिॲलिसमध्ये मुख्यतः आणि बायसेप्समध्ये थोडं, सोनोग्राफीवर पाहत दिलं. हे औषध नसेच्या टोकाशी एसनॅप-२५ हे प्रथिन तोडतं, त्यामुळे ॲसिटिलकोलिन बाहेर पडत नाही आणि स्नायूला निरोप पोचत नाही. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, साधारण चार ते सहा आठवड्यांत शिखर गाठतो आणि तीन महिन्यांच्या आसपास ओसरतो. बोटांसाठी वेगळा मार्ग धरला: उघडणाऱ्या स्नायूत काकूंनी स्वतः थोडी चालना निर्माण केली की यंत्र तिला विजेची जोड देणार, त्यासोबत धरण्यापेक्षा सोडण्याचा सराव. आणि रोज तोलाचे व्यायाम. कठड्याच्या त्या आकड्याने ते काम आमच्या यादीत वर आणलं होतं.

कार्यक्षमतेच्या चाचण्या दुसऱ्या सहकाऱ्याने घेतल्या. कुठल्या स्नायूत काय दिलं, हे त्याला सांगितलं नव्हतं. प्रत्येक नोंद त्याच वेळी, त्याच खुर्चीत आणि लघवीला जाऊन आल्यावर. भरलेलं मूत्राशय, थंडी, दुखणं, मांसात रुतलेलं नख, काहीही हा ताण वाढवू शकतं.

सुरुवातीला फुगल-मायर चाचणीत वरच्या अवयवाचे ६६ पैकी ३४ गुण होते, वस्तू धरण्या-उचलण्याच्या ॲरॅट चाचणीत ५७ पैकी २२, आणि एका मिनिटात पेटीतून पलीकडे टाकायचे ठोकळे डाव्या हाताने ६, उजव्याने ५८. सहा आठवड्यांनी फुगल-मायर ३६, ॲरॅट २३, ठोकळे ७. दांडी सोडायला २.७ सेकंद. ॲशवर्थ १+ चं १ झालं. एवढेच आकडे पाहिले असते, तर इंजेक्शन वाया गेलं असं कुणीही म्हटलं असतं. पण चालताना कोपर ८८ वरून ४६ वर आलं होतं, घाईत १०४ वरून ५८ वर. चौकटीला हात आपटणं जवळपास थांबलं होतं. आम्ही स्नायू निवडला होता चालण्यासाठी, बदल झाला तो चालण्यात, आणि फुगल-मायर तर खुर्चीत बसवून घेतात.

टॉक्सिननंतर ईएमजीच्या रेषा लहान झालेल्या दिसतात, त्यावर मात्र खूश होऊ नये. औषधाने स्नायूचाच आवाज दाबलेला असतो. वरून येणारी हाक कमी झाली की नाही, ते त्या रेषेतून कळत नाही. शेपटी मोजायचा आम्ही प्रयत्न केला. ४० सेकंदांची ती ३५ झाली होती. हाक बहुधा तशीच होती.

सोळा आठवडे

औषध ओसरत होतं. चालतानाचं कोपर ६३ अंशांवर परत चढलं, पण ८८ वर गेलं नाही. चाल सेकंदाला ०.७४ मीटर झाली होती आणि कठड्याला बोट टेकवल्यावर पडणारा फरक २३ वरून ९ अंशांवर आला होता. उरलेल्या सुधारणेचं श्रेय मी तोलाच्या व्यायामाला देते. सिद्ध करू शकत नाही. एका माणसाच्या प्रकरणात दोन उपचार एकत्र चालू असताना ते करताही येत नाही.

हाताचं काम आता हललं होतं. फुगल-मायर ३९, म्हणजे पाच गुणांची वाढ. जुन्या पक्षाघातात रुग्णाला जाणवेल असा किमान फरक २०१२ च्या एका अभ्यासात ४.२५ ते ७.२५ गुणांदरम्यान निघाला होता. काकू त्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर होत्या. ठोकळे ११. ऐकायला जवळजवळ दुप्पट. पण या चाचणीत साडेपाचाच्या आतला फरक मोजण्यातल्या चुकीचाही असू शकतो, म्हणून अहवालात मी 'सुधारणा' लिहिलं नाही, 'सुधारणेकडे कल' लिहिलं. मुलाला ते आवडलं नाही. दांडी सोडण्याचा वेळ १.६ सेकंद आणि दहाव्या प्रयत्नात १.९. हा आकडा मी जास्त विश्वासाने सांगते, कारण दमल्यावरही तो टिकला. उघडणाऱ्या स्नायूंची रेषा २८ वरून ५१ मायक्रोव्होल्टवर आली होती. मिटणारे अजूनही उशिराच थांबत होते. म्हणजे सोडणं सुधारलं ते मिटणारे शांत झाल्यामुळे कमी, उघडणाऱ्यांना बळ आल्यामुळे जास्त. मनगटाचे ४० अंश जिथे होते तिथेच.

दुसरं इंजेक्शन घ्यायचं का, हे काकूंवर सोडलं. त्यांनी आधी घरातली तीन दारं आणि बाहेरचा रस्ता चालून पाहायचं ठरवलं. पंधरा दिवसांनी फोन आला: घरात नको आहे, रस्त्यावर हवं आहे. डॉक्टरांनी बायसेप्स वगळून फक्त ब्रेकिओरेडिॲलिसमध्ये द्यायचं ठरवलं. त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तारा लावल्या, पारदर्शक नकाशा तिळांवर जुळवला, हृदयाचे ठोके ओळखून वगळले. काकूंना जांभई आली. हात पहिल्या दिवशी गेला होता तितकाच वर गेला. त्यांनी वर गेलेल्या हाताकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि विचारलं, "याचे किती गुण धरता?" मी नोंदीच्या कागदावर पेनाने एक नवा रकाना आखला.